पाखरांचे मेंदू (भाग ४) : अंड्यातच पुरा झालेला मेंदू

भोकरकडच्या माळावर, कापूस-सोयाबीनच्या धुऱ्यांवर तित्तर, लावा, टिटवी ही पाखरं जमिनीवर वावरतात आणि अंडीही जमिनीवरच घालतात. अंगणातली कोंबडी त्याच चालीची. यांच्या अकलेला आपण फारशी किंमत देत नाही. हुशार म्हणायचा तो कावळा, नाहीतर पोपट.

आकडेही वरवर हेच सांगतात. २०१६ साली सेवेरिन ओल्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या २८ जातींच्या मेंदूतल्या चेतापेशी मोजल्या. आपल्या गावठी कोंबडीची पूर्वज असलेल्या लाल रानकोंबडीत त्या सुमारे २२ कोटी भरल्या. वजनाने तिच्यापेक्षा फार मोठा नसलेल्या रेवनमध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या थोराड डोमकावळ्यात, २१७ कोटी! जेमतेम पाच ग्रॅमच्या गोल्डक्रेस्ट या युरोपी पाखरातही १६ कोटी निघाल्या.

एवढी तफावत का? उत्तर पिल्लांकडे पाहिलं की सापडतं. कावळ्याचं पिल्लू उघडंनागडं, डोळे मिटलेलं जन्मतं आणि आठवडेच्या आठवडे आईबापांच्या चोचीवर जगतं. तित्तराचं पिल्लू अंगावर लव घेऊन, डोळे उघडे ठेवूनच बाहेर येतं आणि थोड्याच वेळात आईमागे पळू लागतं. जमिनीवरच्या घरट्यात साप, मुंगूस, कोल्हा कधीही येईल. तिथे लोळत पडणं परवडत नाही. म्हणून मेंदूचं बहुतेक बांधकाम अंड्यातच उरकावं लागतं. पोपट-कावळ्यांच्या पिल्लांना खाऊ घालणारं कोणी असतं, त्यामुळे त्यांच्या पुढच्या मेंदूत नव्या पेशी बऱ्याच उशिरापर्यंत तयार होत राहतात. स्ट्रीटर आणि शार्व्हे या अमेरिकी संशोधकांनी लावा आणि छोटा पोपट यांची तुलना केली, तेव्हा पोपटात पुढचा मेंदू वरचढ दिसला, तर लाव्यात नजरेचं काम करणाऱ्या मध्यमेंदूचा वाटा मोठा होता. तेव्हा लाव्याचा मेंदू हलक्या प्रतीचा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तो लवकर पुरा झालेला मेंदू आहे.

शिवाय ही रीत जुनी आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळला, तो काळ मराठवाड्याचा काळा पाषाण घडवणाऱ्या लाव्हारसाचाही होता. डॅनियल फील्ड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलं की त्या उत्पातात जंगलं कोसळली, झाडांवरची पाखरं संपली आणि जमिनीवरची तगली. हे खरं असेल तर आजचा कावळाही त्या जमिनीवरच्या पाखरांचाच वंशज.

आता कोंबडीच्या अंड्यात डोकावू. एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं. त्याआधीचे दोन-तीन दिवस त्याची मान अशी वळलेली असते की डावा डोळा अंगाशी दाबलेला आणि उजवा कवचाकडे. खुडूक कोंबडी दाणे टिपायला उठली की कवचातून झिरपणारा उजेड उजव्या डोळ्यावर पडतो. ऑस्ट्रेलियाच्या लेस्ली रॉजर्स यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की एवढ्याशा उजेडाने मेंदूच्या दोन अर्धांत कामाची वाटणी पक्की होते. उजव्या डोळ्याने, म्हणजे मेंदूच्या डाव्या अर्धाने, पिल्लू खड्यांतून दाणा निवडतं. डाव्या डोळ्याने आभाळावर लक्ष ठेवतं.

या वाटणीचा उपयोग काय, हे २००४ च्या प्रयोगात दिसलं. पिल्लांपुढे खड्यांत मिसळलेले दाणे ठेवले आणि डोक्यावरून शिकारी पक्ष्याची आकृती फिरवली. उजेड मिळालेल्या अंड्यांतली पिल्लं दाणेही वेचत होती आणि वरही पाहत होती. अंधारात उबवलेल्यांचा मात्र गोंधळ उडाला. त्यांना दोन्ही कामं एकदम जमेनात. अंगणात दाणे टिपणारी कोंबडी मध्येच मान तिरकी करून एका डोळ्याने वर पाहते, तेव्हा ती घारीचा अंदाज घेत असते. त्या वेळी डोळा कोणता, डावा की उजवा, हे वाचकांनी जरूर पाहावं.

आणि एक विनंती. अंडी उबवायला कोंबडी बसवाल, तेव्हा अगदी अंधारा कोपरा निवडू नका, डालग्यावर जाड पोतंही टाकू नका. तिला आडोसा हवाच, पण ती उठेल तेव्हा अंड्यांवर थोडा उजेड पडू द्या.