फुग्यातून सुटलेला दगड आणि खोडलेलं उत्तर

एक फुगा सेकंदाला १० मीटर वेगानं सरळ वर चालला आहे. जमिनीपासून ७५ मीटरवर असताना त्यातून एक दगड सोडला. दगड जमिनीवर पोहोचायला किती वेळ लागेल? आकडे बदलून हे गणित अकरावी-बारावीच्या सरावात पुन्हा पुन्हा भेटतं.

हात सवयीनं चालतो. दगड नुसता सोडलाय, म्हणजे आरंभीचा वेग शून्य. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १०. उत्तर साधारण ३.९ सेकंद. आकडेमोड बिनचूक, उत्तर साफ चूक. दगड सुटला त्या क्षणी तो फुग्याइतक्याच वेगानं वर चालला होता. हातातून सुटला म्हणून तो वेग पुसला जात नाही. फुग्यातल्या माणसाला दगड लगेच खाली जाताना दिसेल, हे खरं. पण जमिनीवरून पाहणाऱ्याला तो आणखी सेकंदभर वरच चढताना दिसेल. त्या सेकंदाअखेर दगड ८० मीटरवर असतो आणि फुगा ८५ वर. दोघांचंही पाहणं बरोबर आहे. गणित कोणाच्या जागेवरून मांडायचं, एवढं सूत्र लिहिण्याआधी ठरवावं लागतं.

ते ठरलं की सूत्राचीही गरज उरत नाही. ८० मीटरवर दगड क्षणभर थांबतो आणि तिथून पडू लागतो: पहिल्या सेकंदात ५ मीटर, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २५, चौथ्यात ३५. बेरीज बरोबर ८०. चढण्याचा एक सेकंद, उतरण्याचे चार, एकूण पाच.

१, ३, ५, ७ या विषम संख्यांचा हा नियम गॅलिलिओचा. १६३८ साली लायडनला छापलेल्या त्याच्या शेवटच्या ग्रंथात तो आहे. तेव्हा गॅलिलिओ आर्चेत्रीत नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. सरळ पडणारी वस्तू मोजता येणार नाही इतक्या झटकन खाली येते, म्हणून त्यानं उतरत्या फळीवर खाच कोरली, तिला गुळगुळीत चर्मपत्राचं अस्तर लावलं आणि तीवरून काशाची गोळी सोडली. वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेनं पाणी सोडायचं आणि जमलेलं पाणी तोलायचं. सेकंद दाखवणारं घड्याळ हाताशी नसताना निव्वळ तराजूवर काढलेला हा नियम मला आजही थक्क करतो.

आता तेच गणित वहीत मांडू. वेळ क्ष सेकंद धरली तर समीकरण येतं क्ष² − २क्ष − १५ = ०. मुळं दोन: ५ आणि −३. पुढची ओळ प्रत्येकाला पाठ आहे: वेळ ऋण नसते, म्हणून −३ अमान्य. मूळ खोडलं, गुण मिळाले, पान उलटलं. माझ्या मते या गणितातली सर्वांत सुंदर गोष्ट त्या खोडलेल्या आकड्यात आहे.

समीकरणाला फुगा माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की एका क्षणी दगड ७५ मीटरवर होता आणि सेकंदाला १० मीटर वेगानं वर जात होता. तो जमिनीवर कधी असेल, असं आपण विचारलं. त्यानं प्रामाणिकपणे दोन्ही वेळा सांगितल्या: पाच सेकंदांनंतर, आणि तीन सेकंदांपूर्वी. फुगा नसता आणि तीन सेकंद आधी कोणी जमिनीवरून सेकंदाला ४० मीटर वेगानं दगड वर फेकला असता, तर तोही नेमक्या त्या क्षणी त्याच उंचीवर, त्याच वेगानं पोहोचला असता. पुढे दोन्ही दगडांचा प्रवास एकच. पडताना जमिनीशी वेग किती? तोही ४०. चढण आणि उतार एकमेकांची प्रतिबिंबं आहेत, ही गोष्ट ते खोडलेलं मूळ सांगत होतं. शिक्षकांनी फळ्यावर त्याला दोन मिनिटं द्यावीत.

अर्थात, हे सगळं हवा नाही असं धरून. कुठे काय सोडून द्यायचं, हा हिशेब वेगळा करावा लागतो. विहिरीत दगड टाकून खोली काढण्याचं गणित घ्या. दोन सेकंदांनी 'डुबुक' ऐकू आलं तर साध्या सूत्रानं, त्वरण ९.८ धरून, पाण्याची पातळी १९.६ मीटर खाली येते. आवाजालाही वर यायला वेळ लागतो, हे लक्षात घेतलं की आकडा साडेअठराच्या आसपास उतरतो. म्हणजे फरक जेमतेम एक मीटरचा. पण दगड पाण्याला लागतो तेव्हा सेकंदाला १९ मीटरहून अधिक वेगानं जात असतो. घड्याळाचं बटण दाबायला दशांश सेकंद उशीर झाला तरी उत्तर जवळजवळ दोन मीटरनं हलतं. कठड्याशी उभं राहून मोजणाऱ्यानं म्हणूनच आवाजाच्या दुरुस्तीआधी दहा-बारा दगड टाकावेत आणि वेळांची सरासरी काढावी.