विश्लेषण : रक्ताची उलटी झालेला रुग्ण… दाखल करायचा की घरी पाठवायचा?

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली की सारे घर हादरते. अपघात विभागातील डॉक्टरांपुढे मात्र त्या वेळी दोन रोखठोक प्रश्न असतात. हा रुग्ण पुढच्या काही तासांत कोसळेल का? आणि तसा धोका नसेल, तर त्याला दाखल करून घेण्याची खरेच गरज आहे का? किती रक्त दिसले, यावरून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी जगभर गुणांकनाची पद्धत वापरतात.

हे गुणांकन काय आहे?

ग्लासगोतील ऑलिव्हर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये ते मांडले. त्याआधीच्या, १९९६ च्या रॉकऑल गुणांकनात पूर्ण हिशेबासाठी एंडोस्कोपीचे निष्कर्ष लागत. ग्लासगो-ब्लॅचफर्ड पद्धतीत दुर्बीण न घालताच अंदाज बांधता येतो. रक्तातील युरिया, हिमोग्लोबिन, वरचा रक्तदाब, नाडी, काळी शौच, शुद्ध हरपणे, यकृताचा आजार आणि हृदय निकामी होणे या आठ बाबींवर ० ते २३ गुण मिळतात. गुण जितके जास्त, तितकी रक्त चढवण्याची किंवा तातडीच्या उपचारांची शक्यता अधिक.

युरिया कशासाठी?

युरिया म्हटले की लोकांना मूत्रपिंड आठवते. पण जठरात सांडलेले रक्त पुढे आतड्यात पचते. रक्त म्हणजे प्रथिनेच. त्यांच्या पचनातून यकृतात युरिया तयार होतो आणि रक्तातील त्याची पातळी वाढते. रक्तस्राव वरच्या भागात झाल्याची ही खूण.

हिमोग्लोबिन मात्र सुरुवातीला फसवू शकते. रक्त वाहून जाते तेव्हा पेशी आणि द्रव दोन्ही एकदमच जातात, त्यामुळे उरलेल्या रक्ताची घनता तीच राहते. शरीरातील पाणी रक्तवाहिन्यांत ओढले गेल्यावर, सलाइन दिल्यावर आकडा घसरतो. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी सोडा’ हा नातेवाइकांचा आग्रह पहिल्या तासांत धोक्याचा ठरू शकतो. तपासणी पुन्हा करावी लागते, ती याचसाठी.

किती गुणांना घरी?

शून्य किंवा एक गुण असेल तर रुग्णाला घरी पाठवून बाह्यरुग्ण विभागात तपासता येते, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. इतरांची एंडोस्कोपी साधारण २४ तासांत व्हावी, अशी अपेक्षा असते. मग बारा किंवा अधिक गुणांच्या रुग्णाची दुर्बीण तपासणी मध्यरात्रीच उरकावी का? हाँगकाँगमधील ५१६ रुग्णांच्या चाचणीत (२०२०) सहा तासांत एंडोस्कोपी केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. आधी रुग्ण स्थिर करणे महत्त्वाचे. रक्तस्राव थांबतच नसेल आणि रक्तदाब सावरत नसेल, तर गोष्ट वेगळी.

शौचावाटे ताजे लाल रक्त जात असेल तर खालच्या आतड्यासाठी ओकलंड हे वेगळे गुणांकन आहे. त्यात आठपर्यंत गुण असल्यास घरी पाठवणे सहसा सुरक्षित मानतात. पण लाल रक्त म्हणजे मूळव्याधच, हे गृहीत धरू नये. वरून जोरात रक्तस्राव झाला तरी शौच लाल होऊ शकते.

आकड्याला काय कळत नाही?

बरेच काही. ब्लॅचफर्ड गुणांकनात वय नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नाहीत. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी रक्त जात असतानाही शंभराखाली राहू शकते, म्हणजे एक गुण हुकला. रुग्ण एकटा राहतो का, रात्री पुन्हा उलटी झाली तर रुग्णालय किती दूर, हेही त्यात कुठे येत नाही. एक गुण मिळालेला, पण रुग्णालयापासून दोन तासांवरच्या पाड्यात राहणारा रुग्ण रात्रभर ठेवून घेणेच शहाणपणाचे.

रुग्णालयात जाताना…

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घ्याव्यात. सांधेदुखीच्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामके, दारू, पूर्वीची कावीळ, यातले काही लपवू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही सांगावे. हृदयरोगासाठी चालू असलेले अ‍ॅस्पिरिन मात्र डॉक्टरांना न विचारता कायमचे बंद करू नये. घेरी येत असेल, अंग थंड पडून घाम सुटला असेल, तर दुचाकीवर मधे बसवून नेण्याऐवजी १०८ वर फोन करावा.