लवकर निवृत्ती : नफ्याचा सौदा की पश्चात्तापाचा?

गेल्या महिन्यात पेढी बंद करताना थोरल्या मुलाने विषय काढला. "अब्बा, आता पुरे झाले. तुम्ही घरी आराम करा, पेढी मी पाहतो." मला सत्तावन्नावे वर्ष चालू आहे. गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसला. भिवंडीत ग्रे कापडाचा आमचा कारोबार आहे आणि मुलगा त्यात दहा वर्षे तयार झाला आहे. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. तरी त्या रात्री मला झोप आली नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. माल घेण्यापूर्वी ताका उलगडून पाहावा आणि ज्याने तोच माल आधी नेला आहे त्याला विचारावे. लवकर निवृत्ती हा माल ज्यांनी घेतला अशी माझ्या ओळखीची तीन माणसे आहेत. मुलाला उत्तर देण्याआधी मी त्या तिघांकडे जाऊन आलो. त्यांचा तजुर्बा वाचक बंधूंच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहे.

बँकेची नोकरी सोडलेले शेजारी

सरकारी बँकांमध्ये २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्तीची मोठी योजना आली होती. पंधरा वर्षे नोकरी झालेले किंवा चाळीस वर्षे पूर्ण झालेले कर्मचारी तिला पात्र होते. नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचा पगार किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यांपैकी जी रक्कम कमी ती मिळणार होती. देशभरात एक लाखाहून अधिक लोकांनी ही योजना घेतली. आमचे शेजारी त्यांपैकी एक. ते एका बँकेत कॅशियर होते आणि तेव्हा त्यांचे वय ४६ होते.

ते म्हणाले, "सगळे अर्ज भरत होते म्हणून मीही भरला. एवढी रक्कम एकदम कधी पाहिली नव्हती. घरी बसून व्याजावर चालेल असा हिशेब केला." तेव्हा तीन वर्षांवरील ठेवींवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज होते. म्हणजे लाखामागे वर्षाला दहा हजार. २००४ मध्ये त्यांच्या ठेवींची मुदत संपली तेव्हा दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरला होता. रक्कम तीच, परंतु लाखामागे उत्पन्न साडेपाच हजारांवर आले आणि त्याच काळात मुलीचे लग्न निघाले. याच सुमारास, जुलै २००१ मध्ये, युनिट ट्रस्टने युनिट ६४ ची परतखरेदी सहा महिन्यांसाठी थांबवली होती. पेन्शनीसारखा भरवशाचा समजला जाणारा तो कागद धरून बसलेले अनेक निवृत्त लोक त्या वेळी हवालदिल झाले होते.

शेजारी पहिले वर्षभर सकाळी साडेनऊला डबा घेऊन घराबाहेर पडत आणि वाचनालयात बसत. कोणी विचारले तर काम आहे म्हणून सांगत. पुढे मी त्यांना पेढीचे हिशेब पाहायला बोलावले. कापडावर विक्रीकर नव्हता, त्यामुळे आम्हा व्यापाऱ्यांना विवरणपत्रांची सवय नव्हती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि बाजारात एकच गोंधळ उडाला. त्या वेळी बासष्ट वर्षांच्या या माणसाने संगणक शिकून आमची विवरणपत्रे वेळेवर भरली. आज ते सत्तरीत आहेत आणि अजूनही दुपारी तीन तास येतात. पश्चात्ताप आहे का, असे विचारल्यावर म्हणाले, "नोकरी सोडल्याचा नाही. हिशेब न करता सोडली, त्याचा आहे. कॅशियर असून मी माझ्याच पैशांचा हिशेब केला नाही."

टेलिफोन खात्यातील दोस्त

दुसरा माझा उर्दू शाळेतील दोस्त. बीएसएनएलने नोव्हेंबर-डिसेंबर २०१९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी योजना काढली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी एका दिवसात सुमारे ७८,५०० कर्मचारी घरी गेले. दोस्त त्यांत होता. दोन महिन्यांच्या आत लॉकडाऊन लागले. तो हसत म्हणतो, "मी निवृत्त झालो आणि अख्खा मुल्कच घरी बसला."

त्याला पश्चात्ताप नाही. एक कारण पेन्शन. ती महिन्याला येते आणि महागाईप्रमाणे तिच्यातील भत्ता बदलतो. पण दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटले. मुरबाडकडे त्यांची वडिलोपार्जित भातशेती आहे. नोकरी सोडण्याआधी पाच-सहा वर्षे तो दर रविवारी तेथे जात होता. विहीर दुरुस्त केली, काजू-आंबा लावला. त्यामुळे १ फेब्रुवारीच्या सकाळी कोठे जायचे हे त्याला ठाऊक होते. मी त्याला म्हटले, "तू नशीबवान." तो म्हणाला, "नशीब कसले? सहा वर्षे रविवारची झोप मोडली आहे."

लूम विकलेले कारखानदार

तिसऱ्या गृहस्थांकडे चोवीस पॉवरलूम होते. २०१६ ची नोटाबंदी आणि पाठोपाठ जीएसटी, यांत मजुरीचे दर परवडेनासे झाले. पन्नासाव्या वर्षी त्यांनी लूम भंगाराच्या भावाने काढले आणि शेड गोदामासाठी भाड्याने दिली. भिवंडीत गोदामांना मागणी असल्याने भाडे चांगले येते. उधारी नाही, कामगारांची कटकट नाही, सुताच्या भावाची फिक्र नाही. तिघांमध्ये पैशाने तेच सर्वात सुखी आहेत.

आणि पश्चात्तापही त्यांनाच सर्वात जास्त आहे. ते म्हणाले, "भाडे पहिल्या तारखेला बँकेत जमा होते. मग पुढचे एकोणतीस दिवस मी काय करू? पूर्वी लूमचा आवाज बदलला तर झोपेतून उठून जात होतो. आता उशिरा उठलो तरी कोणाचे काही अडत नाही." त्यांची साखर वाढली आहे. मुले नोकरीला बाहेरगावी आहेत. पुन्हा लूम घालावेत असे त्यांना वाटते, पण आता वय आणि बाजार दोन्ही बदलले आहेत.

आधी पैशाचा हिशेब

या तीन गोष्टींवरून पैसा महत्त्वाचा नाही असे कोणी समजू नये. हातात आलेली एकरकमी रक्कम ही भांडवल आहे, कमाई नव्हे. गल्ल्यातील रोकड पाहून जो व्यापारी खर्च करतो तो बुडतो. तद्वतच येथेही आहे. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आज पन्नाशीत महिना २५ हजारांत चालणारे घर बासष्टाव्या वर्षी ५० हजार मागेल आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी एक लाख. खाणारी तोंडे तेवढीच राहिली तरी!

खासगी कारखान्यातील कामगारांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतील पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. दहा वर्षे नोकरी झाली असल्यास ती पन्नाशीनंतर आधी घेता येते, परंतु ५८ ला जितकी वर्षे कमी तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात होते आणि ती कायम राहते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साधारणतः साठीनंतर खुली होते. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना तीत ५५ पासून पैसे ठेवता येतात, मात्र निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. जे बांधव व्याजाला हात लावत नाहीत त्यांची भिस्त भाड्यावर किंवा भागीदारीतील नफ्यावर असते. गाळा सहा महिने रिकामा राहिला किंवा भागीदाराला तोटा झाला तर घर कशावर चालेल, याची तरतूद त्यांनी अगोदरच केली पाहिजे. आजारपणाचा विमाही नोकरी असतानाच वेगळा घ्यावा, कारण कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो.

सर्वात सोपी परीक्षा अशी की नोकरी सोडण्यापूर्वी सहा महिने केवळ तेवढ्याच रकमेत घर चालवून पाहावे, जेवढी सोडल्यानंतर मिळणार आहे. पगारातील बाकीचा पैसा बाजूला ठेवावा. घर चालले तर हिशेब बरोबर आहे.

व्यापाऱ्याची अडचण निराळी

आम्हा व्यापाऱ्यांना ग्रॅच्युइटी नाही की पेन्शन नाही. आमची पुंजी माल आणि उधारीत अडकलेली असते. वहीत लिहिलेली उधारी सगळी वसूल होते असे नाही. पुष्कळशी रक्कम माणसाच्या तोंडाकडे पाहून मिळते. जुना शेठ गादीवरून उठला की देणेकरी नव्या माणसाला तारखा देऊ लागतो. बापाने अचानक पेढी सोडली आणि वर्षभरात लाखोंची उधारी बुडाली, अशी उदाहरणे आमच्याच बाजारात आहेत. म्हणून व्यापाऱ्याने एका दिवसात निवृत्त होऊ नये.

तसेच उलट बाजूही आहे. काही बुजुर्ग सत्तरीतही चेकबुक मुलाच्या हाती देत नाहीत. पन्नाशीला आलेला मुलगा बापाला विचारून दहा ताके खरेदी करतो. अशा पेढ्या बाप गेल्यावर टिकत नाहीत, कारण निर्णय घेण्याची सवय कोणालाच लागलेली नसते.

माझे उत्तर

तिघांना भेटून आल्यावर मी मुलाला बसवून सांगितले. येत्या एप्रिलपासून खरेदी तुझी आणि बँकेतील सहीही तुझी. भाव चुकला तर मी बोलणार नाही. उधारीची वही मात्र एक वर्ष माझ्याकडे राहील. प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाकडे आपण दोघे जाऊ, म्हणजे ते तुझे तोंड ओळखतील. मी अकराला येईन आणि जोहरच्या नमाजला उठेन.

मुलाने विचारले, "आणि वर्षानंतर?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. मुरबाडला माझी शेती नाही, आणि चौदाव्या वर्षापासून कापडाशिवाय मी काही केलेले नाही. दोस्ताला सहा वर्षे लागली. माझ्या हातात एक वर्ष आहे. या रविवारी मी त्याच्याबरोबर त्याच्या शेतावर जाऊन येणार आहे.