व्यसनमुक्ती केंद्र : कोणाला विचारायचे आणि काय?

व्यसनमुक्ती केंद्र हवे, पण आमच्या आळीत नको, असे म्हणणारा माणूस दुष्ट असतोच असे नाही. बहुधा तो तुमच्याआमच्यासारखाच शाळामास्तर किंवा कचेरीतला कारकून असतो. भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून त्याने दोन खोल्या बांधलेल्या असतात, घरात वाढत्या वयाच्या मुली असतात. एके सकाळी शेजारच्या रिकाम्या घरावर रंगारी पाटी रंगवताना दिसतो आणि या घरात पंचवीस दारुडे राहावयास येणार, ही वार्ता त्याला त्या पाटीवरून कळते. त्याच्या तोंडून पहिला शब्द 'नको' असा निघाला तर नवल नाही. संध्याकाळपर्यंत निवेदन तयार होते, सह्या गोळा होतात. त्या सह्यांत एखादी सही अशाही बापाची असू शकते, की ज्याच्या स्वतःच्या मुलाला त्याच घरात जागा मिळावयास हवी होती.

मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी असे निवासकेंद्र काढण्याचा विचार कोणी केला, तर हे असेच घडेल असे समजून चालावे. म्हणूनच लोकांना विचारावे की नाही, हा प्रश्न गौण आहे. विचारलेच पाहिजे. खरा प्रश्न आहे तो काय विचारावे याचा.

याबाबतीत आपल्या कायद्याने एक मोठा धडा घालून दिला आहे. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार गावातील वा प्रभागातील स्त्रियांनी मागणी केली, तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेता येते. उभी बाटली आणि आडवी बाटली ही त्याची चिन्हे खेड्यापाड्यांतून सर्वांना ठाऊक झाली आहेत. पुरेशी मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद होते. दुकान हा धंदा आहे आणि धंदा गावात असावा की नसावा हे ठरविण्याचा गावाला अधिकार आहे. आजारी माणसाचे मात्र तसे नाही. त्याने गावात राहावे की नाही यावर मते घेता येत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला असून, अशा माणसाला समाजापासून तोडून न ठेवता समाजातच राहू द्यावे, हा त्याचा हक्क मानला आहे. (जाता जाता सांगावयास हरकत नाही, की १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात पिणाऱ्याला आजही परवाना लागतो. तो किती जणांच्या खिशात असतो, हे वाचकांनीच ताडावे.)

अमेरिकेतही हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. व्यसन सोडलेल्यांनी एकत्र राहून स्वतःच चालविलेली 'ऑक्सफर्ड हाउस' नावाची घरे तिकडे १९७५ पासून आहेत. एडमंड्स नावाच्या नगराने, नात्यागोत्याच्या नसलेल्या पाचांहून अधिक माणसांनी एका घरात राहू नये, या आपल्या नियमावर बोट ठेवले. भेदभावविरोधी गृहनिर्माण कायद्यातून या नियमाला सूट मिळत नाही, असा निर्णय १९९५ साली लागला. परंतु निकाल हाती असला म्हणून शेजार मिळतोच असे नाही.

शेजाऱ्याच्या भीतीची थोडी फोड करू. बाजारच्या दिवशी गटारीकडेला पडलेला, रात्री बायकोवर हात टाकणारा, सोसायटीचे कर्ज पिऊन टाकणारा माणूस आपल्या आळीत आजही आहे. त्याच्यासाठी कोणी सह्या गोळा केल्या नाहीत. केंद्रात येणारा माणूस तोच असतो. फरक इतकाच, की तो त्या दिवसांत पीत नसतो आणि त्याच्यावर कोणाची तरी नजर असते. केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. उरलेले ३७ घरीच असतात, आपल्या शेजारी.

आपल्याकडचा सर्वांत परिचित दाखला पुण्याच्या 'मुक्तांगण'चा. गर्दच्या विळख्याविषयी अनिल अवचटांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या प्रतिष्ठानचे साहाय्य मिळाले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या देखरेखीखाली केंद्र सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. जागेची ही निवड सोयीची होती, कारण डॉ. अनिता तेथेच काम करीत. पण त्यात आणखी एक गोष्ट आपोआप साधली. त्या आवाराला 'इथे नको' म्हणणारा शेजारीच नव्हता. नको असलेल्यांना पाठविण्याची जागा म्हणूनच तर आपण येरवड्याचे नाव घेत आलो आहोत! प्रत्येक तालुक्याला असे आयते आवार कोठून मिळणार? 'मुक्तांगण'ने पुढे शिकविले ते अधिक मोलाचे. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच तेथे कामावर घेतले गेले आणि रुग्णांच्या पत्नींनाही उपचारात ओढून घेतले गेले.

मंगळवेढ्याला तर या प्रश्नाचा इतिहास आहे. ज्या गावकुसाच्या बाहेर चोखोबांना राहावे लागले, त्याच गावकुसाच्या कामावर असताना ते कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. कान्होपात्राही इथलीच. गणिकेची मुलगी म्हणून गावाने तिला काय लेखले असेल, ते सांगावयास नको. दोघांनाही संत म्हणून आपण नंतर मानले, ते आपल्यात नव्हते तेव्हा. दामाजीपंतांनी कोठार उघडताना बिदरच्या दरबाराची परवानगी मागितली नव्हती, हेही खरे. पण त्या उदाहरणाने संस्थाचालकांनी हुरळून जाऊ नये. दामाजीपंतांनी परवानगी मागितली नाही ती सत्तेची. आज शेजाऱ्याला न विचारता जो घाईने पाटी लावतो, तो दुबळ्यालाच डावलतो.

तेव्हा शेजाऱ्यांनी निःसंकोच विचारावे. संस्थेची कायद्याप्रमाणे नोंदणी आहे काय? दारू एकाएकी थांबविली की पहिल्या काही दिवसांत कंप, आकडी, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी तो जिवावर बेततो. मग रात्री दोन वाजता येणारा डॉक्टर कोण? माणसे स्वखुशीने येणार की नातेवाइकांनी जीपमध्ये घालून आणलेली? साखळीने बांधण्यास कायद्याने बंदी आहे, हे तेथील नोकरांना सांगितले आहे काय? व्यसनमुक्तीच्या नावावर माणसांना कोंडून बदडणारे कोंडवाडेही निघू शकतात, आणि त्यांतली किंकाळी सर्वांत आधी ऐकू येते ती शेजाऱ्याला. सावध शेजारी हा रुग्णाचा पहिला रक्षक असतो. तक्रार कोणाकडे करावयाची, त्या माणसाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक आळीला ठाऊक असला पाहिजे.

ही सभा नगरपरिषदेच्या फलकावर नोटीस चिकटवून भागणार नाही. ती भाड्याच्या करारावर सही होण्यापूर्वी व्हावी, पाटी रंगविण्याच्या तर कितीतरी आधी. वेळ अशी असावी की स्त्रियांना येता येईल, कारण दारूचे मोल त्यांच्याइतके कोणी मोजलेले नाही. दारू सोडून काही वर्षे झालेला एखादा माणूस राजी असेल, तर त्याला पुढाऱ्यांच्या आधी बोलू द्यावे. आणि केंद्र सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी त्याच लोकांनी पुन्हा जमावे, ते या वेळी केंद्राच्याच ओसरीवर.