हसायला लाज कसली?

"कसला हा फालतू सिनेमा!" असे म्हणत म्हणत आपण तो शेवटपर्यंत पाहतो आणि कुणी आले की घाईने टीव्ही बंद करतो. दिवसभर धानाची रोवणी करून घरी आलेल्या माणसाला मगरिबनंतर घटकाभर हसावेसे वाटले, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. थकलेला मजूर त्या दिवशी सिनेमा पाहतो. तिथल्याच नासिर शेख यांनी २००० साली गावातली माणसे घेऊन ‘मालेगाव के शोले’ हा विनोदी सिनेमा काढला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. त्यात सुपरमॅन झाले यंत्रमागावर काम करणारे, किडकिडीत अंगाचे शफीक शेख. या सुपरमॅनची लढाई होती तंबाखूशी. २०११ साली शफीकभाई स्वतः कर्करोगाने गेले.

आमच्या भंडारा जिल्ह्यात शाळकरी मुलांच्या खिशातही खर्रा सापडतो. आम्ही शिक्षक वर्गात कितीही समजावले तरी मुले ते कानाआड करतात. हसता हसता पाहिलेले मात्र त्यांच्या लक्षात राहते.

म्हणून हलकेफुलके जरूर पाहावे, पण मुलांना जवळ बसवून. कुणाच्या रंगावर, बोलीवर किंवा गरिबीवर हसू आणले असेल, तर अम्मी-अब्बूंनी तिथेच दोन शब्द बोलावेत. इशाची वेळ झाली, अभ्यास राहिला असला, की टीव्ही बंद. एवढे पाळले तर चोरून पाहायची गरज कुणालाच उरणार नाही.