कासवाला नव्हे, पाण्याला हात लावा

नव्या घरात आलेलं कासव पहिल्या दिवशी काय करतं, तर काहीच करत नाही. मान आत, पाय आत, आणि अंधार जास्त असलेल्या कोपऱ्यात काचेकडे तोंड. घरच्यांना वाटतं, आजारी आहे. मग कोणी बोटाने टोचून बघतं, कोणी तळहातावर घेऊन फोटो काढतं, कोणी नाकासमोर खाद्याचे दाणे टाकतं. कासवाच्या दृष्टीने हे सगळं एकच असतं: वरून काहीतरी मोठं आलं. पाण्यातल्या पिल्लांना वरून येतो तो बगळा किंवा घार, एवढंच त्यांच्या अंगात मुरलेलं आहे.

गोंदियासारख्या गावात काचेच्या टाक्या सांभाळणारे थोडेच, म्हणून गल्लीत कोणाकडे असला पाहुणा आला की मला निरोप येतो. मागच्या हिवाळ्यात शेजारी आलेलं कासव चौथीतल्या मुलाच्या वाढदिवसाची भेट होती. नागपूरहून रेल्वेने आलेलं, काडेपेटीएवढं, हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टा. दुकानदार त्याला 'लकी टर्टल' म्हणून विकतात आणि उत्तरेला तोंड करून ठेवा म्हणून सांगतात. पुस्तकी नाव रेड-इअर्ड स्लायडर. मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं.

मी आधी पाहतो तो लाल पट्टा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पट्टा नसेल, पाठ कातडी आणि गुळगुळीत असेल, नाक नळीसारखं पुढे आलेलं असेल आणि मागचे पाय झाकणाऱ्या दोन झडपा पोटाखाली असतील, तर ते आपल्याच बांधीतलं झडपांचं कासव. पावसाळ्यात ती धुऱ्यावर, रस्त्यावर चढतात आणि लोक हौसेने बादलीत घालून घरी आणतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे, ते घरात ठेवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तळं आटलं की चिखलात स्वतःला गाडून घेणाऱ्या जिवाला काचेचा तळ देऊन काय रुळवणार? अशा वेळी १९२६ हा वनविभागाचा क्रमांक लावायचा, एवढंच काम.

शेजारचं कासव स्लायडर होतं, म्हणजे काम होतं. सोबत दुकानातून आलेलं भांडं होतं: वाटोळं, प्लास्टिकचं, मध्ये बेट आणि बेटावर प्लास्टिकचं नारळाचं झाड. त्यात जेमतेम दोन तांबे पाणी मावतं. कासव खातं त्याच पाण्यात, हगतं त्याच पाण्यात. दुसऱ्या दिवशी त्या भांड्याला जो वास येतो त्याने निम्मे लोक हौस सोडतात. पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की पाठीच्या दर अडीच सेंटिमीटर लांबीमागे चाळीसेक लिटर पाणी हवं. मादीची पाठ पुढे पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत जाते, तेव्हा हा हिशेब घरमालकाला पहिल्याच दिवशी ऐकवलेला बरा. त्यांनी ऐकला, गप्प झाले आणि जुनी तीन फुटी टाकी शोधायला निघाले. मला ती माणसं तिथेच आवडली.

टाकी आली. तळाला रंगीत खडे घालायचे नाहीत; पिल्लं ते गिळतात आणि आतडं तुंबतं. तळ उघडाच ठेवला. पाणी पाठीच्या लांबीच्या निदान दुप्पट खोल हवं. अगदी उथळ पाण्यात उलटं झालेलं पिल्लू वळायला जागा न मिळून बुडू शकतं. कासव बुडतं, हे लोकांना खरंच वाटत नाही. पण त्यालाही फुप्फुसंच आहेत. आमच्या नळाला डांगोर्लीहून वैनगंगेचं पाणी येतं, क्लोरीनचा वास घेऊन. ते रात्रभर उघड्या बादल्यांत ठेवलं. फिल्टर नवा होता, पण त्यात माझ्या जुन्या टाकीतला मळका स्पंज घातला. त्या मळात राहणारे जिवाणू कासवाच्या मुतातला अमोनिया पचवतात. नव्या टाकीत ते आपसूक वाढायला काही आठवडे लागतात, आणि पाणी दिसायला स्वच्छ असूनही डोळे चुरचुरायला लावतं ते याच काळात.

विसाव्याला जागा म्हणून बाजारातलं काही आणलं नाही. मागच्या अंगणात छपरावरून उतरवलेल्या कवेलूंचा ढीग होता. दोन विटांवर एक कवेलू आडवं, थोडं पाण्यात उतरतं ठेवलं. वरचा खरबरीत माथा चढायला, खालची पोकळी लपायला. प्लास्टिकच्या बेटावर कासवाची नखं घसरतात, मातीच्या कवेलूवर नाही.

मग थंडी. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचा पारा आठ-नऊ अंशांवर येतो आणि विदर्भातलं सर्वांत थंड शहर म्हणून पेपरात नाव छापून येतं. स्लायडरच्या मूळ मुलखात तळी गोठतात आणि तिथली कासवं तळाशी निपचित पडून हिवाळा काढतात, हे खरं. पण त्यासाठी त्यांचं शरीर आठवडेच्या आठवडे तयारी करतं. घरातल्या टाकीत दुपारी पंचवीस आणि पहाटे बारा अंश असा खेळ झाला की पिल्लू ना धड झोपतं ना धड जागं राहतं. खाणं बंद होतं, मग नाकातून बुडबुडे, मग एका अंगावर कलून पोहणं. तो न्यूमोनिया. म्हणून दीडशे वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर बसवला, पाणी सव्वीस अंशांवर धरलं, आणि घरच्यांना एकच दम दिला: पाणी उपसायच्या आधी प्लग काढा. पाण्याबाहेर आलेला तापला हीटर काच फोडतो. कासव त्याला धडका मारतं, म्हणून भोवती प्लास्टिकची जाळी.

कवेलूच्या वर एक साधा बल्ब, माथा तीसेक अंश तापेल इतक्या उंचीवर, आणि शेजारी यूव्ही-बीची नळी. या किरणांवाचून ड-३ जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम मुरत नाही आणि पिल्लाची पाठ बोटाखाली दबू लागते. "खिडकीतून ऊन येते ना जी," मुलाच्या आजी म्हणाल्या. येतं, पण खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. हिवाळ्यातलं सकाळचं ऊन उघड्या अंगणात दिलं तर उत्तम, अर्धा टब सावलीत ठेवून. तेच एप्रिल-मेमध्ये केलं तर इथल्या पंचेचाळीस अंशांत टबातलं पाणी बघता बघता तापतं आणि थंड रक्ताच्या जिवाला पळायला जागा नसते. उन्हाळ्यात टाकी कूलरच्या खोलीत हलवायची, हीटर काढून ठेवायचा.

एवढं झालं की कासवाला टाकीच्या काठाशी पाण्यात सोडायचं आणि निघून जायचं. हा सगळ्यांत अवघड भाग, विशेषतः चौथीतल्या मुलासाठी. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून वर्तमानपत्र चिकटवलं, येणाजाणाऱ्यांच्या सावल्या कमी पडाव्यात म्हणून. पहिले दोन दिवस खायला घालायचं नाही, घातलं तर घाबरलेलं कासव खात नाही आणि दाणे कुजून पाणी नासवतात. "उपाशी मरन का तो, काका?" मुलगा रोज विचारायचा. निरोगी पिल्लू काही दिवस न खाता सहज राहतं, हे त्याला पटलं नाही, पण त्याने हात घातला नाही.

कासवाने आधी कोणाला मान्य केलं, तर आजींना. त्या टाकीशेजारी बसून सुपातले तांदूळ निवडायच्या आणि टाकीकडे ढुंकून पाहायच्या नाहीत. त्यांच्यासमोर ते कवेलूवर चढू लागलं. बाकी कोणी दारात आलं की धबकन पाण्यात. पुढे उडी मारण्याआधी थांबून पाहू लागलं, मग मान लांब काढून पाहू लागलं. एके दुपारी ते दिव्याखाली मागचे दोन्ही पाय ताणून, बोटं फाकवून पसरलेलं दिसलं. कासव रुळलं याची माझ्या लेखी हीच खूण. खायला मागणं ही नव्हे, कारण भूक घाबरलेल्यालाही लागते.

खाणं नेहमी पाण्यातच. या कासवांना घास गिळायला पाणी लागतं, कोरड्यावर ठेवलेला तुकडा ती तोंडात धरून पाण्यात पळतात. दुकानातल्या डबीत वाळलेल्या झिंग्या असतात, त्या चिवड्यासारख्या अधूनमधून ठीक. रोजचं म्हणून कासवाचे गोळीदाणे, त्याच्या डोक्याएवढे; कधी गांडूळ, कधी बारीक मासळी काट्यासकट. वय वाढेल तसा पाला वाढवायचा. नुसत्या झिंग्यांवर वाढलेल्या पिल्लांचे डोळे सुजून मिटतात, ती अ जीवनसत्त्वाची वाण. टाकीत हात घातले की साबणाने धुवायचे, कारण कासवं स्वतः धडधाकट असून साल्मोनेला बाळगतात. मुलं पिल्लं तोंडात घालतात म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्रीच बंद केली.

एक गोष्ट मी घरच्या सगळ्यांना समोर बसवून सांगतो. कंटाळा आला तर याला तलावात सोडायचं नाही. पुण्य म्हणूनही नाही. कोहळी समाजाने बांधलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव या जिल्ह्यात गावोगाव आहेत. शिंगाडा, मासळी, ढिवरांची पोटं त्यांवर आहेत. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत स्लायडर आहे. ते आडदांड असतं, उन्हाची जागा आणि खाणं स्थानिक कासवांपासून हिसकावतं. केरळात ते कालव्यांत सापडू लागल्यावर तिथल्या वनसंशोधन संस्थेला ही कासवं लोकांकडून गोळा करायची वेळ आली. आपल्याकडे तलावातली बेशरम वनस्पती उपटता उपटता लोकांच्या कमरा मोडल्या आहेत, त्यात हे नको.

म्हणजे ठेवायचं तर शेवटपर्यंत ठेवायचं, आणि नीट सांभाळलं तर शेवट तीस वर्षांनी येऊ शकतो. मुलगा तोवर दहावी करून नागपूरला, तिथून पुण्याला गेलेला असेल. मी हे म्हणालो तेव्हा त्याच्या आईने सासूकडे पाहिलं. आजींनी सूप खाली ठेवलं.

"पानी तं आताबी मीच बदलवतो," त्या म्हणाल्या. "पन ह्या पोरानं नाव लक्ष्मी ठेवलं. नर निंगाला तं?"

पाठ दहा सेंटिमीटरची होईपर्यंत ते कळत नाही. नराच्या पुढच्या पायांची नखं तेव्हा लांब वाढतात. मुलाने पट्टी आणून काचेवर धरली.