टाकलेल्या राणीच्या दारी

राजसूय यज्ञात राजा रत्नींच्या, म्हणजे राज्यातल्या प्रमुख व्यक्तींच्या, घरोघरी जाऊन हवी अर्पण करी. शतपथ ब्राह्मणानुसार त्यातले एक घर टाकलेल्या राणीचे. टाकलेली का, तर मुलगा नाही म्हणून! तिच्या घरचा चरू, म्हणजे शिजवलेला हवी, काळ्या तांदळाचा, तोही नखांनी सोललेला, देवता विनाशाची निर्ऋती, दक्षिणा काळी, म्हातारी, रोगट गाय. अपमानसुद्धा किती काटेकोर! मनुस्मृतीने तर मुदतच घातली: वांझ पत्नीवर आठव्या वर्षी सवत आणावी, मुलीच होणाऱ्या पत्नीवर अकराव्या. नवऱ्यातल्या दोषाचा त्या श्लोकात प्रश्नच नाही. गोव्यात १८८०च्या पोर्तुगीज फर्मानानेही पत्नी पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूल न झाल्यास हिंदू पतीला दुसऱ्या लग्नाची वाट ठेवली. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना कायद्याने बंदी आली ती १९४६ साली.